तांडेलाच्या मेंदूतली भीती शोधण्याआधी

गुहागर

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

वादळात बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या मेंदूत भीती कुठे उठते ते फंक्शनल एमआरआयवर पाहायचं, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. दर्यावर वाढलेल्या मुलीलाच असं सुचतं. म्हणूनच यंत्राच्या मर्यादा आताच लिहितो.

हे यंत्र विचार मोजत नाही, रक्तातला बदल मोजतं. चेतापेशी कामाला लागल्या की तिथे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं आणि प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन विरळ होतं. ते चुंबकीय क्षेत्रात ढवळाढवळ करतं, त्यामुळे ते घटलं की संकेत किंचित वाढतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे प्राण्यांच्या मेंदूत दाखवलं. ही वाढ बहुधा एखाद-दोन टक्क्यांचीच असते, आणि ती येतेही उशिरा. चेतापेशींचा व्यवहार मिलिसेकंदांत उरकतो, रक्ताचा प्रतिसाद मात्र पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. आपल्या वाडीतलं शिंपणं आठव. तहान एका पोफळीला, पण पाटाचं पाणी उशिरा पोचतं आणि शेजारच्या आळ्यांतही शिरतं. ओली माती पाहून नेमकी तहान कुणाची होती ते कळत नाही. त्यात यंत्राचं चित्र छोट्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं आणि तीन मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात लाखो चेतापेशी मावतात. त्या एकमेकींना चेतवत होत्या की आवरत होत्या, हे चित्र सांगत नाही.

तुझ्या विषयात आणखी एक मोठी अडचण आहे. घाबरलेल्या माणसाचा श्वास बदलतो, श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि त्याने सबंध मेंदूचा रक्तप्रवाह हलतो. म्हणजे जी भीती मोजायची, तीच मोजमाप बिघडवते. श्वास आणि नाडीची नोंद घेतल्याशिवाय एकही स्कॅन करू नकोस.

तुझा सगळा भर अमिग्डालावर, म्हणजे भीतीशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या छोट्या भागावर आहे. तो हवेच्या पोकळ्यांजवळच्या भागात असल्याने तिथला संकेत सहज क्षीण होतो. शिवाय तो आनंदी चेहऱ्यांना, नव्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. ‘अमिग्डाला उजळला, म्हणजे माणूस घाबरला’ हा उलटा तर्क आहे. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं.

संख्याशास्त्र तर आधी शीक. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. हजारो ठोकळ्यांच्या एकाच वेळच्या तुलनांसाठी लागणारी दुरुस्ती न करता हिशेब केला, तेव्हा त्या मृत माशाच्या मेंदूतही ‘सक्रिय’ ठिपके दिसले. २०२० मध्ये संशोधकांच्या ७० गटांनी स्कॅनच्या एकाच माहितीसंचावर तीच नऊ गृहीतकं तपासली, तरी काही गृहीतकांच्या बाबतीत निष्कर्ष जुळले नाहीत. म्हणून विश्लेषण कसं करणार, ते माहिती गोळा करण्याआधी लिहून नोंदवून ठेव.

विषय सोडू नकोस, प्रश्न बदल. यंत्राच्या बोगद्यात डोकं न हलवता, कानात बोळे घालून पडलेला तांडेल वादळाची चित्रफीत पाहतो, तेव्हा तू चित्रफितीचा परिणाम मोजतेस. ‘अनुभवी तांडेल आणि नवखा खलाशी तीच लाट पाहताना वेगळे कसे?’ हे विचारता येईल. मात्र माणसं पुरेशी मिळव.

रविवारी आराखडा घेऊन ये. जमलं तर तुझ्या काकांनाही आण. दर्यावर भीती कधी वाटते, ते आधी त्यांनाच विचारू.

तुझे,
सर