रानडे लिस्बनच्या तुरुंगात होते तेव्हा

19 डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमासाठी तुम्ही विचारलंय की गोवा 1961 ला मुक्त झाला, तर गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात का होते, आणि सुटकेसाठी केलेल्या खटपटीचा काही उपयोग झाला का. मी तेव्हा गिरगावातला शाळकरी पोरगा, पण घरात हा विषय सारखा निघायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

रानडे हे त्यांचं मूळ नाव नव्हे. सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात सावई-वेरे गावी मराठी शिकवायला गेले, नाव बदललं, आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत काम करू लागले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा 26 वर्षं! पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात नेलं. कितीतरी वर्षं एकांतकोठडीत काढली.

गोव्याच्या सत्याग्रहात ना. ग. गोरे, मधु लिमये यांनाही दहा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या होत्या, पण ते 1957 ला सुटले. ते निःशस्त्र सत्याग्रही होते, रानड्यांनी बंदूक उचललेली. हा फरक कार्यक्रमात जरूर सांगा. शस्त्र उचललेल्या माणसासाठी सुटका मागणं नेहमीच जड जातं, स्वतःच्या देशातसुद्धा.

त्यात पोर्तुगालने गोवा भारतात आल्याचं 1974 पर्यंत मान्यच केलं नव्हतं. राजनैतिक संबंध 1955 लाच तुटलेले, म्हणजे दिल्लीला सरळ बोलायची सोय नाही. आपल्या ताब्यात आलेले हजारो पोर्तुगीज सैनिक 1962 च्या मे महिन्यात मायदेशी गेले. आपले रानडे आणि गोव्याचे दुसरे कैदी तेलो मास्कारेन्यस मात्र तिकडेच राहिले. माझ्या वडिलांना हे शेवटपर्यंत सलत होतं. मलाही सलतं.

मुंबईत सुधीर फडक्यांनी हा विषय धरून ठेवला. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात ते स्वतः उतरले होते, त्यामुळे रानडे त्यांच्या दृष्टीने साथीदारच. प्रश्न संसदेपर्यंत नेला गेला. वडील या विषयावरची बातमी दिसली की दाढीच्या ब्लेडने कापून जुन्या वहीत खळीने चिकटवायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे. खळीमुळे पानं कडक झालीत, काही ठिकाणी झुरळांनी खाल्लीत. दर 19 डिसेंबरला चाळीत कुणी गोव्याचा विषय काढला की ते म्हणायचे, ‘‘आपली माणसं अजून आत आहेत.’’

डिसेंबर 1964 मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. आईचं बोट धरून मी गर्दीत उभा होतो. दिसला तो फक्त पांढरा झगा आणि हलणारा हात. पोप भारतात आले म्हणून पोर्तुगालचं सरकार चिडलं होतं. आणि शेवटी त्याच पोपमार्फत दार उघडलं. 1968 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोपकडे रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. स्वतः द्रविड चळवळीतले, तमिळ नेते, आणि मागणं काय, तर एका मराठी मास्तरची सुटका! जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. लगेच 3 फेब्रुवारीला अण्णादुराई वारले.

तर खटपटीचा उपयोग झाला का? मला विचाराल तर झाला, पण सरळ नाही. निवेदनं वाचून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हलला नाही, तो हलणाराही नव्हता. सप्टेंबर 1968 मध्ये आजारपणामुळे त्याच्या जागी काएतानो आला, त्याचाही हातभार लागला असावा. पण तेरा वर्षांत हे नाव विसरलं गेलं असतं, तर व्हॅटिकनमध्ये कुणी ते उच्चारलंच नसतं. कैद्याचं नाव लोकांच्या तोंडी राहील एवढं बाहेरच्यांच्या हातात असतं, आणि तेच काम सगळ्यात कंटाळवाणं, कारण वर्षानुवर्षं त्यातून काहीच निघत नाही.

कार्यक्रमात तेलो मास्कारेन्यस यांचंही नाव घ्या, एवढी विनंती. कवी, पत्रकार; 1959 ला पकडले, 1970 ला सुटले. मुंबईत त्यांच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. रानडे सुटल्याची बातमी वडिलांनी वहीत चिकटवली, आईने शिरा केला. त्या संध्याकाळीही वडील म्हणाले, ‘‘तेलो राहिले अजून.’’