पहिल्यांदाच कोकोपीटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करतोय, पानांच्या कडा करपतायत. पाणी जास्त झालं का?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले. "बाबा म्हणतात, पाणी जास्त होतंय." बाकी तुम्ही इतकंच सांगितलंय की बाल्कनीत दोन ट्रे आहेत, बी टाकून पंधरा दिवस झाले, पानांच्या कडा करपल्या, वाढ थांबली, पाणी किती द्यायचं आणि खत कधी. कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) कुठलं आणि ते धुतलं होतं का, याबद्दल अक्षर नाही. तुमची चूक नाही. आमच्याकडेही कुणी विचारलं नव्हतं.

माझं सासर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ. घरची रोपवाटिका आहे, फार मोठी नाही, दोन शेडनेट. शेतकरी बियाची पुडी आणून देतो, आम्ही रोपं तयार करून देतो, रोपामागे पैसे घेतो. ट्रे भरणं, बी टोचणं, झारीनं पाणी घालणं ही कामं आम्हा बायकांकडे. कोकोपीट आणणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि हिशेब थोरल्या दिरांकडे. माहेर माझं वेंगुर्ल्याकडचं. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

जानेवारी २०१८. उन्हाळी टोमॅटोच्या रोपांची ऑर्डर होती, १५० ट्रे. एका ट्रेला १०४ कप्पे, म्हणजे साडेपंधरा हजारांच्या वर रोपं. नेहमीच्या दुकानात कोकोपीट संपलं होतं. भाऊजी कुठून तरी स्वस्तात दहा ब्लॉक घेऊन आले. पाच-पाच किलोचे, वर ना छाप ना चिठ्ठी. मी एक ड्रममध्ये भिजवला. फुगला मस्त, पाणी चहासारखं तांबडं झालं. (तांबडं पाणी बघून घाबरू नका, तो रंग सोडणाचाच, म्हणजे नारळाच्या सालीचाच असतो. मीठ डोळ्यांना दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे.) सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी ओलं बोट ओठाला लावलं आणि म्हणाल्या, "खारट लागतंय गं."

मी म्हटलं, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घेऊ. आमच्याकडे थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, नवऱ्याला उद्देशून बोलतात. "तिला सांग, इथं विहीर आहे, खाडी नाही. धुवायला पाणी कुठून आणायचं?" झालं. तसंच भरलं.

आता मला हे कसं माहीत होतं? मी काही शेतीचं शिकलेली नाही. पण लहानपणी आमच्याकडे काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात मुरत घातलेली बघितली आहेत. महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात पडलेली वस्तू, तिच्यातला काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तेच तुमचं कोकोपीट. खारट नसेल तर काय असेल? नंतर वाचल्यावर कळलं की खाडीत न मुरवलेल्या सोडणातही पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराईड मुळातच भरपूर असतं. म्हणजे कोकोपीट तमिळनाडूतल्या पोल्लाचीसारख्या आतल्या भागातून आलं तरी धुतलेलं नसेल तर खारटच.

ट्रे भरले, बी टोचलं, एकावर एक रचून प्लास्टिक कागदानं गुंडाळले. एरवी टोमॅटो चौथ्या-पाचव्या दिवशी मान वर काढतो, त्या वेळी सातवा उजाडला, आणि तेही एक कप्पा भरलेला तर दोन रिकामे. बाराव्या दिवशी पहिल्या दोन पानांच्या कडा करपल्या, पुढचं पान येईना. एक रोप उपटून बघितलं. मुळं पांढरी, केसाळ हवीत. ती टोकाला तपकिरी होऊन आखडली होती.

भाऊजी आले, ट्रेकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "पाणी जास्त होतंय. कोकणातली आहे, पाण्याचा हात सैल."

त्या दिवसापासून दोन वेळचं पाणी एक वेळ झालं. चार दिवसांत रोपं आणखी बसली. साधी गोष्ट आहे: पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. तीच खिचडी आटवत ठेवलीत तर मीठ वाढतं की कमी होतं? कप्पा तर केवढा, दोन-तीन चमचे माती मावेल इतका. त्यातलं पाणी कमी केलं की मुळाला तेच मीठ दुप्पट लागतं. करपलेल्या कडा बघून पाणी तोडायचं, हा सल्ला अंगणातल्या वाफ्याला ठीक असेल, कोकोपीटमध्ये तो रोप मारतो. तुमच्या बाबांना हे माझ्या नावानं सांगा.

शेवटी देण्यासारखे ६० ट्रे निघाले. ९० उकिरड्यावर गेले. संकरित बी शेतकऱ्याचं, महागाचं, दहा ग्रॅमच्या पुडीत तीन हजारांच्या आसपास दाणे असतात, ते मोजून घेऊन लोक येतात. एकानं तर बियाचे पैसे परत घेतल्याशिवाय शेड सोडलं नाही. गंमत अशी की भाऊजींनी गिऱ्हाइकांना सांगितलं बी खराब होतं, आणि घरात सांगितलं पाणी जास्त झालं. एकाच नुकसानीची दोन कारणं, आणि दोन्हींत कोकोपीट नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी ईसीचा पेनसारखा मीटर मागवला, स्वतःच्या पैशानं. ईसी म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप. मग टाळेबंदी लागली, सगळे घरात. एप्रिलमध्ये शेड झाडताना पोत्यांखाली त्याच लॉटचा एक ब्लॉक सापडला, कोपरा उंदरांनी खाल्लेला. मी काही बोलले नाही. त्याचा तुकडा तोडून आरओच्या पाण्यात भिजवला, अर्ध्या तासानं गाळला आणि जेवणाआधी ओट्यावर सगळ्यांसमोर मीटर बुडवला. ३.४ (मीटरवर mS/cm मध्ये). मग विहिरीचं पाणी, ०.७. मग नेहमीच्या दुकानातलं धुतलेलं कोकोपीट, ०.५. रोपाला एकाच्या आत असलेलं बरं, म्हणजे त्या जुन्या ब्लॉकचं तिप्पट-चौपट.

भाऊजी म्हणाले, "मीटर बिघडला असेल."

मी आरओचं नुसतं पाणी मोजून दाखवलं, जवळपास शून्य. त्यावर, "दोन वर्षं पडलेल्या ब्लॉकचं काय सांगता येतं." मीठ काय पडून पडून वाढतं का? पण सासूबाई हसल्या, तेवढंच. तो उरलेला ब्लॉक मी अजून टाकलेला नाही.

आता तुमचं. मूठभर कोकोपीट एका वाटीत, त्याच्या दीडपट आरओचं पाणी, अर्धा तास, गाळून मोजा. मीटर नसेल तर एखाद्या रोपवाल्याकडून दोन मिनिटांसाठी मागून आणा. आकडा एकच्या वर गेला तर कारण सापडलं. ट्रे पाटावर ठेवून खाली घमेलं घ्या आणि झारीनं सावकाश साधं पाणी सोडा, खालून निथळेपर्यंत. दहा मिनिटं थांबा, पुन्हा. तीन वेळा. निथळलेलं पाणी घमेल्यातून फेकून द्या, ट्रे त्यात बसवून ठेवू नका. हे सकाळी करा, संध्याकाळी रोपं भिजवून झोपू नका.

धुतल्यावरही एक काम उरतं. कोकोपीट पोटॅशियम आणि सोडियम धरून बसलेलं असतं, आणि तुम्ही दिलेलं कॅल्शियम दिसलं की ते स्वतःच ओढून घेतं. रोपाला मिळतच नाही, नवं पान सुरकुततं. म्हणून पुढच्या वेळी ट्रे भरायच्या आधी धुतलेलं कोकोपीट लिटरला दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी निथळून एकदा साध्या पाण्यानं धुवा. आत्ताच्या रोपांना लिटरला अर्धा ग्रॅम पुरे, धुतल्यानंतर एकदा. पाकिटावर लो ईसी छापलंय म्हणून सोडू नका. छापायला काय जातं, आणि आमच्या ब्लॉकवर तर तेही नव्हतं.

पाणी किती, याला आकडा नाही. बोट खुपसू नका आणि वरचा रंग बघून तर मुळीच ठरवू नका. कोकोपीट वरून फिकट, कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं. ट्रे एका हातानं उचला. पाणी घातल्यावरचं वजन लक्षात ठेवा, साधारण निम्मं हलकं झालं की पुन्हा घाला. आठवड्याभरात हात शिकतो. माझा शिकलाय, सैल असला तरी.

खत: बियात स्वतःची शिदोरी असते, पहिली दोन पानं त्यावर निघतात. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नाहीच, म्हणून त्यानंतरचं खरं पान फुटलं की १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यानं एक ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी. दोन्ही एका डब्यात कालवलंत तर फॉस्फरस आणि कॅल्शियम मिळून पांढरा साका खाली बसतो, दोन्ही वाया.

आणि इथं एक कबुली द्यायला हवी. २०१८ ला कडा करपायला लागल्यावर मी घाबरून, रोपं उपाशी आहेत असं वाटून, दोनदा १९:१९:१९ दिलं होतं, भाऊजींना न सांगता. लिटरला दोन ग्रॅम. खत म्हणजेही क्षारच. आधीच खारट, त्यात मी भर घातली. ९० पैकी किती ट्रे त्यामुळे गेले ते मला मोजता येत नाही. घरात हे अजून कुणाला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणून तुम्हीही आठ दिवस १९:१९:१९ ची पुडी उघडू नका.

मिरचीबद्दल वेगळं: ती आळशी आहे. टोमॅटो २१ ते २५ दिवसांत लावायला येतो, मिरचीला ३५ ते ४० लागतात. टोमॅटोशेजारी ठेवून तिची वाढ थांबली असं म्हणत असाल तर ती थांबलेली नाही, तिचा स्वभावच तो. बाल्कनीत ऊन किती येतं तेही लिहिलेलं नाही. रोपं काडीसारखी लांबुडकी होऊन खिडकीकडे झुकली असतील तर तो उजेडाचा प्रश्न, त्याला पाणी, खत, धुणं काहीच कामाचं नाही.

आता राहिलं तुमच्या बाबांचं. पाणी खरोखर जास्त झालं तर ते असं दिसतं: रोप वरून हिरवंगार असताना एका रात्रीत आडवं होतं, देठ मातीलगत बारीक, मऊ आणि काळपट पडतो, ट्रेच्या एका कोपऱ्यातून सुरुवात होऊन शेजारचे कप्पे धरत जातं, वर हिरवं शेवाळ साचतं. ती मर. ती बुरशीमुळे येते आणि सततच्या ओलीत फोफावते. तशी रोपं कप्प्यासकट काढून टाका, पाणी आवरा, वारा खेळू द्या, उरलेल्यांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) द्या. तिथं त्यांचं म्हणणं बरोबर ठरेल आणि मला मान्य करावं लागेल.

पण तुम्ही करपलेल्या कडा लिहिल्यात, आडवी पडलेली रोपं नाहीत. आधी वाटीत भिजवून मोजा, आणि आकडा इथं लिहा.