वाचकांचे प्रश्न : पोस्टडॉकसाठी जाहिरातीची वाट पाहू नका

प्रश्न : क्षयरोगातील टी-पेशींच्या (शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) प्रतिसादावर पुण्यात पीएच.डी. पूर्ण करून सहा महिन्यांपूर्वी मी नाशिकला घरी परतले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल प्रतिकारसहिष्णुतेच्या, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटत नाही याच्या, संशोधनाला मिळाले, तेव्हापासून याच विषयात पोस्टडॉक (पीएच.डी. नंतरचे मुदतीचे संशोधन) करावे असे मनाने घेतले आहे. जाहिराती पाहून चाळीसएक अर्ज पाठवले. दोनच उत्तरे आली आणि दोन्ही नकाराची. माझे वय ३१ आहे. विषय बदलू पाहते आहे म्हणून नकार येत असतील का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : विषय बदलत असल्याची भीती आधी मनातून काढून टाका, कारण ज्या टी-पेशींवर तुम्ही इतकी वर्षे काम केले, त्यांच्याकडेच तुम्ही आता दुसऱ्या बाजूने पाहणार आहात. क्षयरोगातही नियामक टी-पेशींची (इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या पेशींची) संख्या वाढते आणि त्या जंतूंविरुद्धचा प्रतिसाद आवरून धरतात, हे तुमच्या प्रबंधात कुठेतरी आलेच असेल. तेच सूत्र पकडून पुढे जायचे आहे.

आपली प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर का उलटत नाही, याचे उत्तर बराच काळ थायमस ग्रंथीत शोधले जात होते : तेथे घातक टी-पेशी बाद होतात आणि उरलेल्या बाहेर पडतात. नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले की सीडी२५ हे प्रथिन धारण करणारा टी-पेशींचा एक गट (याच नियामक पेशी) बाहेरही पहारा देतो आणि तो काढून टाकला तर उंदरांचे शरीर स्वतःवरच हल्ला करते. उरलेले दोघे, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल, यांनी २००१ मध्ये अशाच स्वतःवरच्या हल्ल्याने आजारी पडणाऱ्या ‘स्कर्फी’ उंदरांतील दोषी जनुक शोधून काढले. तेच फॉक्सपी३. आयपेक्स या मुलांमधील दुर्मीळ आजारातही तेच जनुक बिघडलेले आढळले आणि २००३ मध्ये साकागुची यांच्या पेशी आणि हे जनुक असे दोन्ही धागे जुळले. हा इतिहास तुम्हाला ठाऊक असणारच. तरीही तो येथे लिहिला, कारण अनेक उमेदवार अर्जात एवढेच लिहून थांबतात आणि पत्र वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यात नवे काहीच सापडत नाही.

त्याऐवजी प्रयोगशाळेतल्या टेबलावरची अडचण लिहा. नियामक पेशींची ओळख असलेले फॉक्सपी३ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असते. ते रंगवायचे तर पेशी स्थिर करून तिचे आवरण सच्छिद्र करावे लागते आणि त्यात पेशी मरते. म्हणून माणसाच्या रक्तातून जिवंत नियामक पेशी वेगळ्या काढताना ‘सीडी२५ भरपूर, सीडी१२७ कमी’ ही पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची खूण वापरतात. ही खूणही पूर्ण भरवशाची नाही, कारण नुकत्याच उत्तेजित झालेल्या साध्या टी-पेशींवरही सीडी२५ दिसते आणि माणसांमध्ये त्या काही काळ फॉक्सपी३ सुद्धा बनवतात. अवयव-प्रत्यारोपणाच्या किंवा टाइप १ मधुमेहाच्या (यात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते) रुग्णाला त्याच्याच नियामक पेशी वाढवून परत द्यायच्या असतील, तर त्या गर्दीत चुकून आलेली एखादी आक्रमक पेशीही वाढणार. क्षयरुग्णाच्या रक्तात उत्तेजित पेशींची रेलचेल असते. तो नमुना तुम्ही फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून ती ठिपक्याच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर) दिवसेंदिवस पाहिला आहे आणि कोणता ठिपका खरा, कोणता फसवा, हे तुमच्या डोळ्यांना कळते. हीच तुमची पुंजी आहे. चाळीस अर्जांपैकी किती अर्जांत तिचा उल्लेख होता, हे एकदा तपासून पाहा.

जाहिरातीवर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगते, कारण चांगल्या फेलोशिपचा रस्ता यजमान शास्त्रज्ञाच्या (ज्याच्या प्रयोगशाळेत काम करायचे त्याच्या) होकारातूनच जातो. आपल्याकडील अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी मार्गदर्शकाची व संस्थेची संमती लागते. तिची वयोमर्यादा ३५ असून महिलांना ५ वर्षांची सवलत आहे, तेव्हा वयाची चिंता आज नको. युरोपातील मारी क्यूरी फेलोशिपचा प्रस्ताव यजमान संस्थेबरोबर मिळून द्यावा लागतो, जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला यजमानाचे पत्र जोडावे लागते आणि जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेच्या (जेएसपीएस) फेलोशिपचा अर्ज तर यजमानच भरतो. युरोपीय आण्विक जीवशास्त्र संघटनेच्या (एम्बो) फेलोशिपचे दार मात्र पीएच.डी. नंतर दोनच वर्षे उघडे असते. तुमचे सहा महिने संपले आहेत, म्हणून तिचा विचार सर्वांत आधी करा.

पत्र एक पानाचे असावे. त्या शास्त्रज्ञाच्या अलीकडच्या एखाद्या शोधनिबंधातील कोणती गोष्ट तुम्हाला खटकली किंवा अपुरी वाटली, ती पडताळायला तुम्ही कोणता प्रयोग कराल आणि तो करण्याचे कौशल्य तुमच्याकडे कोठून आले, एवढे त्यात यावे. असे पत्र लिहायला आठवडा लागतो, त्यामुळे महिन्याला चारच लिहून होतील. तेवढी पुरेत.

देशातल्या संस्थाही यादीत असू द्या. पुण्याच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, दिल्लीची राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था, फरीदाबादची ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (टीएचएसटीआय) आणि मुंबईतील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) इम्युनोहिमॅटोलॉजी (रक्त व प्रतिकारशास्त्र) संस्था येथे हा विषय चालतो. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात उलटा प्रश्न विचारला जातो : अर्बुदाला (कर्करोगाच्या गाठीला) प्रतिकारयंत्रणेकडून मिळालेले अभय कसे मोडायचे? सहिष्णुता समजायला तोही रस्ता उत्तम आहे.

प्रश्न : मुलीला जर्मनीतील एका विद्यापीठातून पोस्टडॉकसाठी बोलावणे आले आहे. हे शिक्षण समजायचे की नोकरी? आणि ते संपल्यावर पुढे काय?
— एक पालक, नाशिक रोड

उत्तर : ती मुदतीची नोकरी आहे, असे समजावे. जर्मनीत संशोधकांना सहसा सार्वजनिक सेवेच्या ई-१३ श्रेणीत पगार मिळतो. त्यातून कर आणि आरोग्य विमा कापला जातो, म्हणून करारावरचा आकडा व हातात येणारा आकडा यांत बरेच अंतर असते. विद्यापीठांतील मुदतीच्या करारांवर तेथील कायद्याने पीएच.डी. नंतर साधारण ६ वर्षांची मर्यादा घातली आहे. या काळात स्वतःच्या नावावर शोधनिबंध आणि शक्य तर स्वतःचे छोटे अनुदान मिळवावे लागते. पुढे प्राध्यापकपद, औषधकंपनीतील संशोधन किंवा भारतात परतून स्वतंत्र संशोधकासाठीची फेलोशिप, हे सारे रस्ते त्याच दोन गोष्टींवर उघडतात. औषधकंपन्यांचा रस्ता या विषयात आता कल्पनेतला राहिलेला नाही. टाइप १ मधुमेहाची सुरुवात लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे.

मुलीला एक प्रश्न मात्र होकारापूर्वी विचारायला सांगावे : माझा पगार कोणत्या अनुदानातून येणार आणि ते केव्हा संपणार? मी परदेशी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा तेथील अनुदानाला चौदाच महिने उरले होते. ते मला तेथे पोहोचल्यावर, शीतपेटीतील कप्पा नावावर करून घेताना, एका सहकाऱ्याकडून समजले. उंदरांची नवी प्रजननजोडी लावून प्रयोगापुरती पिल्ले हाती यायलाच त्यांतले अनेक महिने गेले आणि तो प्रयोग मला अर्धवट सोडून यावे लागले. हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. चांगला मार्गदर्शक त्याचे सरळ उत्तर देतो, आणि उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच आहे.

प्रश्न : मी एम.डी. असून संधिवाताचे रुग्ण पाहतो. पीएच.डी. नसताना या विषयात संशोधन करता येईल का? रुग्णांचे नमुने माझ्याकडे भरपूर आहेत.
— एक डॉक्टर, पंचवटी

उत्तर : होय. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय फेलोशिपसाठी एम.डी. आणि एम.एस. पदवीही ग्राह्य धरली जाते. नमुन्यांबाबत मात्र घाई करू नका. नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती यांआधी घेतलेले रक्त संशोधनाच्या उपयोगाचे नाही. शिवाय नियामक पेशी मुळातच थोड्या असतात, रक्तातील सीडी४ हे प्रथिन धारण करणाऱ्या टी-पेशींच्या शेकडा ५ ते १० इतक्याच. नळीतले रक्त कसारा घाटातून मुंबईला पोहोचेपर्यंत बरेच तास गेले, तर ज्या फरकाचा शोध घ्यायचा तोच पुसट होतो. म्हणून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात सेंट्रिफ्यूज, पेशी वेगळ्या करण्याची सोय आणि द्रवरूप नायट्रोजनची टाकी मिळते का, हे आधी पाहा. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेला पत्र लिहाल तेव्हा पहिल्याच परिच्छेदात ते सांगा.