जागा सपाट करू की नको?

प्रश्न: नमस्कार. वाळपईजवळ आमची वडिलोपार्जित जागा आहे, ६०० चौरस मीटर, सगळी उताराची, वर एक जुना फणस आणि खाली तीन माड. आता घर बांधायचंय. कंत्राटदार म्हणतो आधी जेसीबी लावून सपाट करूया, फणस काढूया, वर सरळ स्लॅब घालूया, टेन्शन नाही. बाबा म्हणतात चिऱ्याचं कौलारू बांध. मुलगा म्हणतो ते जुनाट दिसेल. मी मधल्यामधे अडकलेय. काय करू?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर: ताई, ते 'टेन्शन नाही' ऐकून मला हसूच आलं. गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर एक फेरी मारा, स्लॅबच्या घरांवर नंतर पत्र्याची शेड चढवलेली दिसेल, कारण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त, आणि सपाट स्लॅबवर पाणी थांबलं की कुठून तरी वाट काढतंच. वर एप्रिल-मे मधे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री तुमच्याच डोक्यावर गरम हवा सोडतो, मग एसी आलाच. म्हणजे छपराचा खर्च दोनदा.

पण छप्पर नंतर, आधी जेसीबी थांबवा. आपल्या डोंगरात वर कडक जांभा असतो, ज्याचे चिरे काढतात तोच दगड, आणि खाली मऊ, चिकणमातीसारखी शेडी. उभा कापला की पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत शेडीपर्यंत येतं, तिथे ती ओली होऊन घसरायला लागते आणि रिटेनिंग वॉलला पाठीमागून ढकलते. मी स्वतः हे भोगलंय, माझ्या पहिल्याच कामात हौसेने सपाट अंगण काढलं आणि दुसऱ्या पावसात भिंतीला पोट आलं. शिवाय टाऊन प्लॅनिंगच्या कायद्यात कलम १७ए आहे, डोंगर कापायला आधी लेखी परवानगी लागते, हे कंत्राटदाराने सांगितलं नसणारच.

त्यापेक्षा घरालाच दोन टप्प्यांत उतरू द्या. वर बसायची खोली नि बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, तीन-चार पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. मधे छोटं राजांगण, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण, जमलं तर सोन्याहून पिवळं, हवाही खेळते नि उजेडही येतो. पाण्याला घराच्या वरच्या बाजूने चर काढून बाजूने वाट द्या, ते माडांकडे गेलं तर उत्तमच.

फणस पश्चिमेला असेल तर तो म्हणजे तुमचा फुकटचा एसी, पाया फक्त त्याच्या मुळांपासून लांब ठेवा. पानं कौलांवर पडणार, पावसाआधी साफ करावी लागणार, ते खोटं कशाला सांगू. आणि सत्तरीत माकडं कौलं फोडतात ही पण खरीच कटकट आहे, त्यामुळे थोडी कौलं जास्तीची आणून ठेवा. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी पाइपचा सांगाडा करून वर मंगळुरी कौलं घाला, काही बिघडत नाही. वळचण मात्र तीन फूट तरी बाहेर काढा, नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस चिऱ्याच्या भिंतीत मुरतो, म्हणून तर पूर्वी त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायचे. चिरे घेताना खाणीतून नुकते काढलेले मऊ असतात, हवा लागली की कडक होतात, तेव्हा घाई करू नका आणि मातीचे खिसे असलेले चिरे सरळ परत पाठवा.

मुलाला एकदा बार्देशातल्या तोर्ड्याला न्या. तिथे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी बांधलेलं 'हाऊसेस ऑफ गोवा' म्युझियम आहे, रस्त्याच्या मधोमध असलेल्या त्रिकोणी तुकड्यावर चिऱ्याची इमारत. ती बघून परत जुनाट म्हणाला तर मला लिहा.

प्रश्न: जुन्या घरांसारख्या शिंपल्यांच्या खिडक्या करायच्यात, शिंपले कुठे मिळतील?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: नवीन नका शोधू. वास्कोजवळच्या चिखलीच्या खाडीत ते अजून आहेत, पण हा शिंपला आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. पूर्वी काच महाग म्हणून ते वापरायचे, उजेड मऊ येतो नि ऊन डोळ्यात जात नाही. तेवढंच हवं असेल तर दुधी काचेची छोटी छोटी तावदानं लाकडी चौकटीत बसवून घ्या, सुताराला जुनी खिडकी दाखवलीत की तो बरोबर करून देईल.