एक पुस्तक आणि त्याचाच आवाज

अनेक आशीर्वाद.

रशियन शिकायला जमवलेल्या साहित्याची तुझी यादी वाचली. सोविएत पाठ्यपुस्तकं, कॅसेटवरून उतरवलेले धडे, अमेरिकी सैन्याचा अभ्यासक्रम, सगळं फोल्डरांत नीट लावून ठेवलंयस आणि खाली विचारलंयस की यातलं सर्वांत चांगलं कुठलं, अजून काय शोधू? अगं, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात या. शोधणं थांबव. जुनं सामान गोळा करण्यात एक नशा असते, ती मलाही ठाऊक आहे, आणि त्या भरात रशियन येऊ लागल्याचा भासही होतो. येत काही नसतं.

माझा हट्ट तू ऐकलेला आहेस, तरी पुन्हा लिहिते. एक पुस्तक, त्याचाच आवाज आणि शेवटचं पान. ‘त्याचाच’ खाली रेघ मारून वाच. एकाचं व्याकरण, दुसऱ्याचे संवाद कानाला आणि तिसऱ्याची शब्दयादी मोबाइलवर, असा मेळ बसत नाही. प्रत्येक लेखक शब्द आणि विभक्ती आपापल्या क्रमाने आणतो. एकाने षष्ठी सुरुवातीलाच उरकलेली असते, दुसरा तिला बरेच पाठ दाराबाहेर उभी ठेवतो. मग तू ऐकतेस ते वाचलेलं नसतं आणि वाचतेस ते ऐकलेलं नसतं.

आणि आवाजाशिवाय रशियन होत नाही. लिहितात ‘मोलोको’, म्हणतात ‘मलाको’, आघात म्हणजे जोर शेवटी. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, आणि आघात कुठे पडेल याचा सरसकट नियम नाही; कित्येक शब्दांत विभक्ती बदलली की तोही जागा बदलतो. पाठ्यपुस्तकात अक्षरावर बारीक तिरकी रेघ असते. वर्तमानपत्रात, कादंबरीत ती नसते. ‘यो’ या अक्षरावरची दोन टिंबंसुद्धा छापताना बहुधा गाळतात. म्हणजे रेघ आहे तोवर शब्द कानात बसवून घ्यायचा, नंतर कुणी सांगायला येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट सुराची. तू एका पानाचा फोटो पाठवून विचारलंस की ओळींवर १, २, ३ असे बारीक आकडे आहेत, त्यांच्या तळटीपा कुठे सापडत नाहीत. त्या तळटीपा नव्हेत, ते सूर आहेत. येलेना ब्रिझगुनोवा या ध्वनिशास्त्रज्ञ बाईंनी रशियन वाक्याच्या सुरांचे सात साचे मांडले, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सोविएत पुस्तकांत ते असे आकड्यांनी दाखवतात. सूर ज्या अक्षरावर वळतो त्याच्या डोक्यावर आकडा. ‘एता मामा’ म्हणजे ही आई आहे, ‘एता मामा?’ म्हणजे ही आई आहे का. शब्द तेच, क्रम तोच. पहिल्यात सूर खाली उतरतो, तो पहिला साचा. दुसऱ्यात आघाताच्या ‘मा’वर झपकन वर चढतो, तो तिसरा. मी हे कितीही लिहिलं तरी तुला ते कळणार नाही. टेपवरच्या बाईंनी एकदा म्हटलं की कळेल. म्हणून म्हणते, त्याचाच आवाज.

मला ते आकडे फार उशिरा ऐकू आले. माझ्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा होता, तबकडीसाठी. तबकडी नव्हती. मागवायला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मग डोळ्यांनीच शिकले. आजही रशियन माणसं माझं भाषांतर वाचून मान डोलावतात आणि मी बोलू लागले की हसू दाबतात. ते हसू सभ्य असतं, पण दिसतं. म्हणून माझं शिक्षण वाया गेलं असं मात्र समजू नकोस. फाडफाड बोलणारे पुष्कळ पाहिलेत मी. एखादी कृती पूर्ण झाली की नुसती चालू होती हे क्रियापदातून सांगायची वेळ आली की धडाधड घसरतात. माझं तिथे अडत नाही. यंत्राची माहितीपुस्तिका असो नाहीतर करारनामा, शब्दकोश क्वचितच उघडावा लागतो. ओळ न् ओळ घासून शिकल्याचा हा फायदा आहे, आणि तो मी कुणाला कमी लेखू देणार नाही. पण मला निवड नव्हती. तुला आहे, आणि तू ती फोल्डरं लावण्यात घालवतेयस.

आता यादीकडे वळू. नीना पोतापोवांचं प्राथमिक पुस्तक मला फार आवडतं, घाई न करता पायरीपायरीने नेणारं. पण तुझ्याकडे त्याचा आवाज नाही, तेव्हा बाजूला. पुल्किना आणि झाखावा-नेक्रासोवा यांचं व्याकरण जवळ असू दे; अडलं की उघडायचं, ओळीने वाचायचं नाही. खवरोनिना आणि शिरोचेन्स्काया यांचं सरावाचं पुस्तक उत्तम, पण आधी एक पाठ्यपुस्तक पुरं कर. पेंग्विनची दोन रशियन पुस्तकं तू एकच धरली आहेस. फेनेल यांचं १९६१चं, निकोलस ब्राऊन यांचं १९९६चं. नावात ‘न्यू’ आलं म्हणून ती आधीच्याची सुधारित आवृत्ती होत नाही, पुस्तकच निराळं आहे. राहिलं कोस्तोमारोव यांच्या संपादनाखालचं ‘सर्वांसाठी रशियन’. ते तुझ्याकडे आवाजासकट दिसतंय. मग तेच घे. मिटला प्रश्न.

हो, मॉन्टेरेच्या लष्करी भाषासंस्थेचा अभ्यासक्रम. आवाज भरपूर, सराव कान किटेपर्यंत. अमेरिकी सरकारी कामावर तिथे स्वामित्वहक्क लागत नाही, म्हणून तो मोकळेपणाने फिरतो. हुद्दे आणि हत्यारांची नावं हवी असतील तर घे. त्याच देशाच्या परराष्ट्र खात्याची संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना रशियनसाठी ४४ आठवडे धरते, वर्गाचे सुमारे ११०० तास. तेही शिक्षक समोर असताना. आता तुझ्या फोल्डरांत किती वेळ गेला याचा हिशोब तूच कर.

आवाज आणि पुस्तक एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे आज रात्रीच पाहून घे. पहिला पाठ जुळला म्हणून खूश होऊ नकोस, सुरुवातीचे पाठ आवृत्ती बदलली तरी फारसे हलत नाहीत. मधला एखादा लाव आणि बोट ओळीवर ठेव. सोविएत पुस्तकाची खरी जन्मकुंडली शेवटच्या पानावर असते: जुळणीला कधी दिलं, छपाईला मंजुरी कधी मिळाली, प्रती किती, किंमत किती रुबल किती कोपेक. बारीक टाइप असतो, भिंग घे. पुस्तक फाटून ते पान गेलं असेल तर प्रकाशकावरून अंदाज बांध. मॉस्कोचं परकीय भाषा प्रकाशनगृह १९६३ साली ‘प्रोग्रेस’ झालं, ‘रूस्की यझीक’ निघालं १९७४ मध्ये. ग्रंथालयांच्या सूचीत आयएसबीएनने शोधू नकोस, त्या काळच्या सोविएत पुस्तकांवर तो बहुधा नसतोच. लेखकाचं आडनाव सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीत, टाइप कर. रोमनमध्ये पाठ्यपुस्तककार वाग्नेर यांचं नाव कुठे व्हीने लिहितात, कुठे डब्ल्यूने, आणि त्यांच्या जोडीदार लेखक ओव्सियेन्को यांच्या नावाचे तर किती अवतार आहेत देव जाणे. आणि उतरवून घेण्याआधी बघ की ते कुणासाठी लिहिलंय. एकच पुस्तक इंग्रजांसाठी, फ्रेंचांसाठी, स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी वेगवेगळं काढायची त्यांची रीत होती. मुखपृष्ठ बघून फसायला होतं.

टेप उतरवताना कधीकधी वेग चुकलेला असतो. निवेदिकेचा आवाज पोरीसारखा चिरका आणि श्वास घाईचे वाटले तर वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र खाली आण. हे कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये होतं. खरखर मात्र साफ करत बसू नकोस, त्या फिल्टरांनी ‘श’ आणि ‘श्श’सारखे घासून येणारे उच्चार पुसट होतात, आणि नेमके तेच ऐकायचे असतात.

जुनं शिकून हसं होईल का, असं विचारलंयस. कशाने होणार? प्रत्येक पानावर ‘तवारिश्च’ म्हणजे कॉम्रेड आहे, ते आज सैन्यासारख्या जागा सोडल्या तर सहसा कुणी हाकेला वापरत नाही, वगळ. लेनिनग्राड १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं, गॉर्की १९९० मध्ये पुन्हा निझ्नी नोव्गोरोद. एवढं लक्षात ठेवायला काय लागतं? विभक्त्या सहाच्या सहा जागेवर आहेत. लेखनाचे नियम १९५६ साली ठरले ते बहुतांशी आजही चालतात. खरी जुनी लिपी १९१८च्या सुधारणेआधीची. व्यंजनान्त शब्दांच्या शेवटी सगळीकडे कठोर चिन्ह (ъ) लटकलेलं दिसलं तर ते पुस्तक कौतुकाने बघ आणि ठेवून दे. आणि एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणात बेकरीला ‘बूलशनया’ म्हणणारा निवेदक भेटला तर नशीब समज, ती जुनी मॉस्कोची बोली आता सहज कानावर पडत नाही.

तेव्हा बाकीचं सगळं एका डिस्कवर टाक आणि ती डिस्क कुणाकडे तरी ठेवायला दे. रोज नवा पाठ नको, एक येईपर्यंत तोच. आधी पुस्तक मिटून ऐक, मग उघडून ऐक, मग निवेदिकेच्या पाठोपाठ, तिचं वाक्य संपायच्या आत म्हणायला लाग. ‘जाणे’च्या क्रियापदांपाशी आलीस की पुस्तक बदलावंसं वाटेल. पायी जाणं वेगळं, गाडीने वेगळं, एकदाच जाणं वेगळं, नेहमी जात-येत असणं वेगळं. तिथे सगळ्यांना वाटतं की आपलंच पुस्तक वाईट आहे. दुसऱ्या पुस्तकातही तोच पाठ असतो, शपथेवर सांगते. त्या पाठातला संवाद म्हणून, रेकॉर्ड करून मला पाठव. त्याआधी पत्र आलं नाही तरी चालेल. तुझे आघात मी तपासणार नाही, तो अधिकार टेपवरच्या बाईंचा. सोबत सराव लिहून धाड, विभक्त्या मी तपासीन, आणि लाल शाईने.

तुझ्या
बाई