मोजल्याशिवाय खोलू नकोस

पोरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आयटीआय झालं, मोटर मेकॅनिकचं सर्टिफिकेट हातात आलं, दोस्त चाकणला कंत्राटावर लागले, मामा म्हणतो एमपीएससीचा क्लास लाव. त्यात तुझा प्रश्न, "काका, ईव्ही आल्यावर मेकॅनिकला काय राहणार?" गॅरेजवाल्याला मुलगी देत नाहीत, ही आईची काळजीही कळली. तिच्यावर माझ्याकडं इलाज नाही. माझं कसं जमलं ते तुझ्या काकूला विचार.

चाकणला जायला माझी ना नाही, पण आधी अप्रेंटिसशिप कर. १९६१ च्या कायद्यानं ती आहे, स्टायपेंड मिळतो, परीक्षा दिलीस की राष्ट्रीय प्रमाणपत्र. कंत्राटी लाइनवर वर्षभर तेच चार बोल्ट आवळून गाडी कळत नसते.

आणि कुठंही गेलास तरी मोजल्याशिवाय खोलू नकोस. स्कॅनरवर कोड दिसला की तुम्ही पोरं लगेच सेन्सर मागवता. पी०१७१ हा कोड एवढंच सांगतो, की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपाशी फटीतून जादा हवा ओढत असेल, पंपाचं प्रेशर पडलं असेल, फिल्टर चोंदला असेल. सेन्सर बदला असं त्यात कुठं लिहिलंय? स्टार्टर कण्हतो, बदला बॅटरी! अरे, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लाव, दुसरं इंजिनच्या अंगाला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची केबल साफ कर. नव्या बॅटरीचे पैसे वाचले. मोज, मग खोल.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी उतरलं आणि गॅरेजांपुढं बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. मालकांनी घरीच स्टार्टर मारून बघितलेला. सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मी आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचो, ऑइल बदलायचो, मग एकेक कनेक्टर सोडवून हिरव्या पडलेल्या पिना घासायचो, तारेतून करंट जातोय का मोजायचो. बाकीचे सरसकट ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलून गाडी मोकळी करत होते. वेळ लागतो म्हणून माझी गिऱ्हाइकं उठून गेली. हाताखाली तयार झालेला पोरगाही गेला. आज त्याच्याकडं दोन लिफ्ट आहेत, माझ्याकडं तोच खड्डा. खुपतं, खोटं कशाला बोलू. पण दिवाळीनंतर त्याचीच काही गिऱ्हाइकं माझ्या दारात आली, नव्या ईसीयूचं बिल खिशात आणि गाडी टोचन करून. मी हसलो नाही. म्हणजे, त्यांच्यासमोर नाही.

मी धंदा वाढवला नाही असं घरचेही म्हणतात. म्हणू देत. न बिघडलेला पार्ट मी कुणाच्या गळ्यात मारला नाही, आणि याला हट्ट म्हणत असतील तर आहे मी हट्टी.

आता तुझी ईव्ही. ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग, वायरिंग तिथंही आहेच. पण कारमधली नारिंगी केबल साधारण तीनशे-चारशे व्होल्टची असते. रीतसर ट्रेनिंग झाल्याशिवाय तिच्या वाटेला जायचं नाही. झाल्यावरसुद्धा विजेपासून वाचवणारे हातमोजे घालून सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मोठ्या बॅटरीचा सप्लाय तोडणारा प्लग, काढायचा, कंपनीनं सांगितली तेवढी मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मग मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, नंतर केबलवर शून्य बघायचं, आणि मीटर पुन्हा चालू सप्लायवर तपासायचा. शून्य दिसल्याशिवाय हात नाही. इथं चुकलास तर पार्ट वाया जात नाही, माणूस जातो. माझ्या ज्या खुळाला लोक हसले, ते तिथं भिंतीवर नियम म्हणून लावतात!

पहिल्या स्टायपेंडातून मल्टिमीटर घे. फुटपाथवरचा नको, कॅट थ्री (हा मीटरच्या सुरक्षेचा दर्जा), १००० व्होल्ट असं छापलेला. मोबाइल नंतर.

अर्ज भरलास की कळव. जागा मिळेपर्यंत रिकामा बसू नकोस, इकडं ये. पगार फार देता येणार नाही, आणि पाना पहिले काही दिवस मागायचा नाही.

तुझा,
काका