स्विफ्ट ६० मिमी खाली घेतली तर हँडलिंग टिकेल का?

नाही टिकणार. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र सेट) ॲडजस्टेबल आहेत म्हणून पूर्ण खाली फिरवू नका. २५-३० मिमीवर थांबा.

मूळ अडचण पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या रचनेची. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा दांडा) तिरपा होतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करून खाली वाकून बघा: आर्मचं चाकाकडचं टोक चॅसीकडच्या टोकापेक्षा वर गेलं असेल, तर रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) फार खाली गेलंय. गाडीचा गुरुत्वमध्य तेवढा खाली येत नाही, त्यामुळे दोघांतलं अंतर वाढतं आणि त्याच स्प्रिंगवर गाडी वळणात उलट जास्त झुकते. टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो, मग खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे ट्रॅव्हल, सस्पेन्शनला वरखाली हलायला मिळणारी जागा. शॉकच्या रॉडला एक झिप टाय बांधा, नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारा. टाय सरकत थेट बंप स्टॉपला (शॉक पूर्ण दबला की टेकणारा रबरी ठोकळा) टेकला, तर उंची वाढवा. वळणात बंप स्टॉप लागला की टायरची पकड अचानक सुटते; हे खरंच धोक्याचं आहे. घेताना बॉडीची लांबी वेगळी बदलता येणारा सेट घ्या, म्हणजे उंची कमी करताना स्प्रिंग सैल पडत नाही.

स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट कराच. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा तिरपेपणा) थोडा निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, चालेल. टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) मात्र कंपनीच्या आकड्यात हवा, नाहीतर टायर आतून खाल्ले जातात.